तुमची तक्रार आमच्यापर्यंत पोहोचली आहे

ज्यांच्या हाताखाली मी पहिली नोकरी केली, त्या हेडमास्तरांचा इंतकाल झाला आणि मला ते दोन दिवसांनी कळलं. मंगळवारी सकाळी चहा घेता घेता मोबाइल उघडला, तर सगळ्यात वर त्यांचा फोटो आणि खाली लिहिलेलं : जनाजा आज जोहरच्या नमाजनंतर. मी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा कळवली, बुरखा चढवला आणि रिक्षाने विजापूर वेशीपर्यंत गेले. म्हटलं, निदान आखरी दीदार होईल. घरासमोर मंडप नव्हता. दारात चपला नव्हत्या. त्यांच्या सूनबाईंनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. म्हणाल्या, "बाजी, तदफीन तो इतवारकोच हो गई." पोस्ट रविवारचीच होती. साइटने ती मला मंगळवारी वाढली.

त्या साइटचं नाव मी इथे लिहीत नाही. तुमच्यापैकी बहुतेकांच्या मोबाइलमध्ये ती आहे आणि हे वाचता वाचता तुम्ही एकदा तिकडे डोकावूनही याल. मीही येते.

आमच्या लहानपणी मोहल्ल्यात कोणी गेलं की मशिदीच्या भोंग्यावरून (हो, त्याच भोंग्यावरून) सांगत. नाव, कोणाचा मुलगा, कुठली गल्ली, कुठल्या नमाजनंतर, कुठलं कब्रस्तान. दोनदा सांगत, कारण पहिल्यांदा अर्ध्या लोकांचे कान फोडणीच्या आवाजात असत. आता तेच लोक साइटवर टाकतात आणि समजतात की सगळ्यांना कळलं. साइटचा हिशोब मात्र वेगळा. कोणती पोस्ट आधी आली, याला तिथे फारशी किंमत नाही. तुम्ही कशावर किती वेळ थांबलात, काय दाबलंत, कोणाशी भांडलात, यावरून तुमच्यासमोर काय ठेवायचं ते ठरतं. तिथे 'आज' या शब्दाला अर्थ उरत नाही. मागच्या रमजानमध्ये एकोणतिसाव्या रोज्याला मगरीबच्या जरा आधी 'चांद नजर आया, ईद मुबारक' अशी पोस्ट फिरली. आमच्या शेजारच्या खालांनी शीरखुर्म्याचं दूध आटवायला ठेवलं. ती पोस्ट आदल्या वर्षीची होती. त्या वर्षी आम्ही तीस रोजे केले आणि शीरखुर्मा तिसाव्याच्या इफ्तारीला संपवला.

मग सोडत का नाही, असं माझा मुलगा विचारतो. तो त्या साइटवर नाही, त्याच्या वयाची मुलं दुसरीकडे असतात. पण आमच्या शाळेतल्या मुलांचे आईबाप तिथे आहेत. नई जिंदगीतल्या, बेगम पेठेतल्या बायका, ज्या पालकसभेला येत नाहीत, त्या तिथे आहेत. माझ्या बी.एड.च्या बॅचच्या मुली तिथे आहेत, एक जेद्दाहमध्ये, एक भिवंडीत. दुकान वाईट आहे, वजनात मारतं, पण अख्ख्या बाजाराला तेच एक आहे.

हा धडा मला आधीच मिळाला होता. बी.एड. करताना आम्ही सगळ्या ऑर्कुटवर होतो. एकमेकींच्या स्क्रॅपबुकात काय काय लिहायचो! रोमन लिपीतली मराठी, रोमन लिपीतली उर्दू, पाठ निरीक्षणाला येणाऱ्या मॅडमच्या नकला. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं. त्यांनी तीन महिने आधी सांगितलं होतं, आपापलं उतरवून घ्या म्हणून. मी घेतलं नाही. धाकटा तेव्हा रांगत होता आणि वाटलं, बघू नंतर. त्यात त्यांचा दोष नाही. पण इतकं होऊनही पाच वर्षांनी मी पुन्हा परक्याच्याच भिंतीवर घर मांडलं.

त्याचं असं झालं. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. आमची मुलं मराठी बोलतात, बाजारात चोख बोलतात, पण लिहायला सांगितलं की पेन्सिल चावतात. घरी दखनी, शाळेत उर्दू, रस्त्यावर मराठी. सगळ्यात जास्त अडतात ती नपुंसकलिंगापाशी. उर्दूत दोनच लिंगं. त्यामुळे 'माझा घर', 'माझी पुस्तक', 'तो युद्ध'. लाल शाईने किती गोल करायचे? मग मी एक पेज काढलं. दर शनिवारी एका मुलाचा किंवा मुलीचा मराठी निबंध, वहीच्या पानाचा फोटो आणि खाली टाइप केलेला मजकूर. चुका तशाच ठेवायच्या नाहीत, पण वाक्यं त्यांचीच. दोन-तीन वर्षांत तीन हजारांवर माणसं त्याला जोडली गेली. बार्शीहून, लातूरहून मराठी शाळांतले शिक्षक लिहायला लागले, पुढचा निबंध कधी? मुलांना त्याचं काय वाटायचं ते मी शब्दांत सांगू शकणार नाही. एका मुलाने आजोबांच्या टांग्यावर लिहिलं होतं. आजोबांना मराठी वाचता येत नव्हतं. त्यांनी चहाच्या हॉटेलात एका माणसाला चहा पाजून तो निबंध वाचून घेतला होता.

गेल्या सप्टेंबरमध्ये नववीतल्या एका मुलीने अब्दुल हमीद यांच्यावर लिहिलं. तिचं नाव इथे देत नाही, का ते पुढे येईलच.

कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद, चौथी ग्रेनेडियर्स. १९६५ च्या युद्धात खेमकरण भागात, आसल उत्तरजवळ, जीपवर बसवलेल्या तोफेने त्यांनी पॅटन रणगाडे उडवले आणि १० सप्टेंबरला तिथेच कामी आले. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. माझ्या पिढीला ते दूरदर्शनवर भेटले. १९८८ साली चेतन आनंद यांची 'परमवीर चक्र' ही मालिका लागायची, त्यात नसीरुद्दीन शाह अब्दुल हमीद झाले होते. आमच्या गल्लीत तेव्हा एकच टीव्ही होता आणि अब्बांनी मला खांद्यावर घेऊन खिडकीतून तो भाग दाखवला होता. पुढे २००० साली त्यांचं टपाल तिकीट निघालं. आता तर एनसीईआरटीच्या सहावीच्या अभ्यासक्रमात त्यांच्यावर धडा आहे. म्हणजे विषय काही आडवळणाचा नव्हता.

पण ह्या मुलीने तो घेतला तो वेगळ्याच कारणाने. तिला कुठेतरी वाचायला मिळालं की अब्दुल हमीद यांचे वडील शिलाईकाम करायचे आणि लहानपणी तेही वडिलांना हात लावायचे. तिचे अब्बाही शिंपी आहेत. आमच्या सोलापूरला चादरीमुळे ओळखतात, पण गणवेशही इथे ढिगांनी शिवले जातात आणि बाहेरगावी जातात. तिचे अब्बा त्यातल्याच एका कारखान्यात मशीनवर बसतात. तिने लिहिलं होतं : "माझे अब्बा पण युनिफॉर्म शिवतात. पण शाळेचे. मिलिटरीचे शिवले असते तर मी म्हणाले असते की ह्यातला एक अब्दुल हमीदसारख्या माणसाला जाईल. पण शाळेचा युनिफॉर्म घालूनच तो माणूस आधी मोठा होतो ना." नववीतली मुलगी! मी ते वाक्य स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. किती रणगाडे उडवले याचे आकडे वेगवेगळे सापडतात, म्हणून तिने लिहिलेला आकडा मी खोडायला लावला आणि 'अनेक' लिहायला सांगितलं. 'ती रणगाडा'चा 'तो रणगाडा' केला. बाकी सगळं तिचं. शीर्षकही तिचं : शहीद अब्दुल हमीद.

शनिवारी सकाळी टाकला. दुपारपर्यंत दीडशे लोकांना आवडला. बार्शीच्या त्या शिक्षकांनी लिहिलं, मी सोमवारी परिपाठात वाचणार. संध्याकाळी एकाने खाली लिहिलं, "पंक्चरवाल्यांना मराठी कधीपासून यायला लागली?" अशांना मी उत्तर देत नाही. ती टिप्पणी साइटला कळवली, तीन ठिकाणी बोट दाबून. रविवारी सकाळी दोन निरोप एकापाठोपाठ एक आले. पहिला त्या टिप्पणीबद्दल : तुमची तक्रार आमच्यापर्यंत पोहोचली आहे, आम्ही तपासलं, यात नियमांचं उल्लंघन आढळलं नाही. दुसरा माझ्या पोस्टबद्दल : ही हिंसेविषयीच्या आमच्या नियमांत बसत नाही, म्हणून काढून टाकली आहे. पेजवर तीस दिवस काही टाकता येणार नाही.

मी दोन्ही निरोप दोनदा वाचले. मला आधी वाटलं, अदलाबदल झाली असेल.

कुठला शब्द अडला ते ते सांगत नाहीत. रणगाडा? उडवला? पाकिस्तान? कोणी दहा-वीस जणांनी मिळून तक्रार केली असेल, तरीही असं होतं म्हणे. माझा संशय शीर्षकावर आहे, शपथेवर सांगू शकत नाही. अशाच एका बड्या कंपनीच्या देखरेख मंडळाने २०२४ साली सांगितलं होतं की 'शहीद' ह्या एका शब्दामुळे मजकूर सरसकट काढणं थांबवा, हा शब्द वेगवेगळ्या भाषांत वेगवेगळ्या अर्थांनी येतो. म्हणजे दुखणं माझ्या एकटीच्या मनातलं नाही. यंत्राला कोणीतरी अरबीतून एक अर्थ शिकवला आणि यंत्राने तो सगळ्या जगावर चालवला. भगतसिंग कोण, हे त्याला कोणी सांगितलं नसावं.

स्टाफरूममध्ये आमचे एक सर आहेत, भला माणूस. म्हणाले, "मॅडम, हुतात्मा लिहायला पाहिजे होतं. मराठी निबंध आहे ना." त्यांनी सहज म्हटलं आणि त्यात चूकही नव्हती. पण मी दिवसभर त्यावरच अडले. आमच्या गावात चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी दिलं. माझी नानी त्या चौकातून जाताना 'शहीदों का चौक' म्हणायची, मी शाळेत 'हुतात्मा चौक' शिकले, आणि दोन्ही वेळी डोळ्यांसमोर तेच चार पुतळे असायचे. शहीद शब्दाच्या मुळाशी साक्ष आहे. आपण कलमा-ए-शहादत म्हणतो तेव्हा तेच म्हणतो, मी साक्ष देते. हुतात्मा शब्दाच्या मुळाशी आहुती आहे. दोन्ही शब्द मराठीत कधीचे रुळलेले. त्यातला एक ठेवायचा आणि दुसरा लपवायचा, हे मी ठरवत नाही, मराठी ठरवत नाही, कुठलं तरी यंत्र ठरवतं, आणि त्याला दोन्हीतलं काही कळत नाही.

सोमवारी मधल्या सुट्टीत ती मुलगी आली. तिच्या भावाने मोबाइलवर शोधलं होतं, सापडलं नव्हतं. मी खरं ते सांगितलं. ती थोडा वेळ माझ्या टेबलावरच्या खडूच्या डबीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "टीचर, मैं कुछ गलत लिखी क्या?"

मी म्हटलं, नाही. एक शब्दसुद्धा नाही. तिने मान हलवली. पण तुम्ही शिकवत असाल तर तुम्हाला माहीत असेल, मूल विश्वास ठेवून मान हलवतं तेव्हा कसं दिसतं आणि शिक्षकाचं मन राखायला हलवतं तेव्हा कसं.

त्या रात्री मी दाद मागायला बसले. 'तुम्ही सहमत का नाही' असं विचारतात आणि खाली चार पर्याय देतात. पोस्ट विनोदी होती. पोस्ट माझी नव्हती. आणखी दोन असेच. 'हा नववीच्या मुलीचा परमवीर चक्र मिळालेल्या सैनिकावरचा निबंध आहे' असा पर्याय नव्हता. मग ओळखपत्र मागितलं. आधारवर माझं नाव नवऱ्याच्या नावासकट आहे, साइटवर अब्बांच्या. जुळत नाही म्हणाले. मग चेहऱ्याची चित्रफीत मागितली, मान डावीकडे वळवा, उजवीकडे वळवा. ट्यूबलाइटखाली दिसत नाही म्हणाले. बल्बखाली बसले, तरी नाही. शेवटी रात्री अकरा वाजता गच्चीवर, शेजाऱ्यांच्या लग्नाच्या मंडपाच्या उजेडात, मी दुपट्टा कानामागे घेऊन मान डावीकडे-उजवीकडे फिरवत होते आणि खालून कोणीतरी ओरडलं, "बाजी, क्या हुवा, मान अवघडी क्या?" हसू आलं. काय करणार. पुन्हा निरोप आला, तुमची तक्रार आमच्यापर्यंत पोहोचली आहे.

ह्या सगळ्यात तीस दिवसांचं आणखी एक झालं, ते मला जास्त लागलं. पालकांना कळवायचं सगळं मी त्याच पेजवरून कळवत असे, कारण ते तिथे बघतात. आठवीच्या एनएमएमएस शिष्यवृत्तीचे फॉर्म नेमके त्याच दिवसांत होते आणि उत्पन्नाचा दाखला लागतो, तो काढायला तहसीलला आठ-दहा दिवस जातात. मी मुलांच्या वह्यांत चिठ्ठ्या लिहून दिल्या. काही घरांत स्वतः गेले. एका मुलाचे वडील कामाला हैदराबादला होते, आईला चिठ्ठी वाचता आली नाही आणि मुलगा तीन दिवस तापाने पडून होता. त्याचा दाखला वेळेत आला नाही. हुशार पोरगा आहे, गणितात वर्गात पहिला. त्यात माझीच चूक मोठी, हे मला कबूल आहे. वर्गातल्या एकेका मुलाच्या घरचा नंबर वहीत लिहून ठेवणं, ही जुन्या हेडमास्तरांची शिस्त होती. साइट आल्यावर मी ती वही ठेवणं सोडून दिलं होतं.

चोविसाव्या दिवशी पोस्ट परत आली. काहीही न सांगता, म्हणजे एक ओळ होती, की आम्ही पुन्हा पाहिलं आणि ती नियमांत बसते. दीडशे लोकांचं आवडणं तसंच होतं, त्या माणसाची टिप्पणीही तशीच होती. मी धावत वर्गात जाऊन तिला सांगितलं. तिला आनंद झाला असं म्हणवत नाही. दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. मी ह्या शाळेला लागल्यापासून तिला कधी पाहिलं नव्हतं. ती दारातच उभी राहिली, आत बसली नाही. म्हणाली, "टीचर, आपकी बात सही है, पन बच्ची का नाम नक्को रखो उधर. हिंसा-विंसा लिखा आया था ना. कल को कोई पूछे तो?" मी समजावायला लागले की ती चूक होती, त्यांनी मान्य केलं. ती ऐकून घेत होती, पण बोलता बोलता माझं मलाच कळलं की मी तिला ज्या साइटवर विश्वास ठेव म्हणून सांगते आहे, तिच्यावर माझाच नाही. मी त्याच वेळी तिच्यासमोर नाव काढलं. फोटोही काढला. मग ती बसली, पाणी प्यायली आणि गेली.

पुढच्या महिन्याच्या निबंधाला त्या मुलीने 'पावसाळ्यातील एक दिवस' हा विषय घेतला. एकही चूक नाही. ढग ते, पाऊस तो, छत्री ती, इंद्रधनुष्य ते. लाल शाई लावायला जागा नाही आणि वाचायलाही काही नाही. असा निबंध महाराष्ट्रात दर वर्षी लाखभर मुलं लिहीत असतील. मी दहापैकी आठ दिले आणि वही मिटली.

डिसेंबरमध्ये मी पाण्याच्या टाकीशेजारच्या भिंतीवर एक फळा लावून घेतला, जुन्या कपाटाचं दार होतं ते. आमच्या वेळी भित्तिपत्रक असायचं, तसंच. दर शनिवारी एक निबंध, हाताने लिहिलेला, चार टाचण्यांनी लावलेला. मुलं पाणी पिता पिता वाचतात, कागदावर ओल्या हातांचे डाग पडतात. हेडमॅडमना वाटलं मी पेज बंद करणार. बंद केलं नाही. बार्शीचे ते शिक्षक तिथेच आहेत, त्या मुलाची आई तिथेच आहे. फक्त आता नंबरांची वही पुन्हा केली आहे आणि टाकलेला प्रत्येक निबंध घरच्या कपाटात एका फाइलमध्ये लावते.

जानेवारीत फळ्यासाठी कोण देणार म्हणून विचारलं, तर दोन-तीन आठवड्यांनी ती मुलगी जुनी वही घेऊन आली. तोच निबंध तिने आखीव कागदावर सुंदर अक्षरात उतरवला होता. शीर्षकाच्या जागी मध्यभागी 'अब्दुल हमीद' आणि त्याच्या आधी चार अक्षरं मावतील एवढी कोरी जागा सोडलेली. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "वो लफ्ज लिखना क्या नहीं, आप बोलो."

मी म्हटलं, लिही. तिने मागे वळून पाहिलं, वर्गात दोघी-तिघी डबा खात होत्या, मग पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं. जागा बरीच होती, पण तिने ते नावापेक्षा बारीक अक्षरात लिहिलं. मी कागद तसाच लावला.